मदत हवी आहे : आजीच्या तैलाभ्यंगावरून घरात वाद

नमस्कार. आम्ही अचलपूर तालुक्यातले कॅथलिक. आजीला लकवा मारला, डावी बाजू गेली. पण जेवते, आमच्यावर ओरडतेही. तैलाभ्यंग, म्हणजे फादर आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करतात तो संस्कार, तिलाच हवा आहे.

मोठे बाबा अडून बसलेत : "फादर तेल घेऊन आले की गावभर होईल, म्हातारी चालली." दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं) 1963 मध्येच सांगितलं, की हा संस्कार फक्त मरणपंथाला लागलेल्यांसाठी नाही. आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. पण परिषद वगैरे त्यांच्यापुढं चालत नाही. तुमच्याकडं असं कोणाला समजावलंय का? काय सांगून?

दुसरी अडचण आत्याची. ती वेगळ्या चर्चच्या मंडळीत जाते. तिथले पास्टर बायबलमधलं याकोबाचं पत्र 5:14 दाखवून तेल लावायला तयार आहेत, पण बीपीच्या गोळ्या बंद करा म्हणतात. हे मला अजिबात मान्य नाही. त्या वचनात तेल आहे, प्रार्थना आहे. औषध सोडा असं कुठं आहे? पण आत्याला न दुखावता नाही कसं म्हणू?

आणि फादर महिन्यातून एकदाच येतात. मधेच फोन करून बोलावलं तर चालतं ना? बिशपांनी आशीर्वादित केलेलं तेल तेच आणतील. घरी मेणबत्ती, क्रूस सोडून आणखी काय मांडून ठेवू?