'असर्टिव्ह'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

काल भाषांतर करताना 'असर्टिव्ह' (स्वतःचं म्हणणं न घाबरता, पण समोरच्याला न दुखावता मांडणारा) आलं आणि मी अडकले. ठाम, आग्रही, रोखठोक, खमकी असं चार वेळा लिहून चारही वेळा खोडलं. ठाम माणूस दुसऱ्याचं कानावरही न घेता बसून राहिला तरी तो ठामच की. आग्रहीत 'माझंच ऐका' आलं, रोखठोक म्हटलं की समोरच्याला थोडं लागणार हे धरूनच चालायचं आणि फटकळ तर त्याच्याही पुढचं स्टेशन. उलट्या बाजूला मात्र शब्दांची चैन, भिडस्त, मिळमिळीत, पडखाऊ, हवा तो घ्या! मधल्यालाच नाव नाही का?

मूळ लॅटिन 'असेरेरे'. रोमन कायद्यात, गुलाम म्हणून धरलेल्या माणसावर हात ठेवून 'हा स्वतंत्र आहे' असा दावा करायचे, त्यासाठी हे क्रियापद वापरत. म्हणजे आवाज चढवण्याशी ह्याचा काही संबंध नाही.

प्रतिसाद :
विशेषण कशाला शोधताय, क्रियापदं बघा ना. बजावणं, सुनावणं, खडसावणं, सगळी वरून खाली येणारी. मला 'भीडमुर्वत' हा जोडशब्द इथे इंटरेस्टिंग वाटतो. 'भीडमुर्वत न ठेवता बोलला' म्हणजे उद्धटच बोलला. पण भीड म्हणजे संकोच आणि मुर्वत म्हणजे समोरच्याची कदर (अरबी 'मुरुव्वत', फारसीतून आलेला). आपण दोघांना एकाच दाव्याला बांधलंय त्यामुळे एक सोडली की दुसरीही सुटते असं वाटतं. असर्टिव्ह म्हणजे भीड सोडायची, मुर्वत ठेवायची.

प्रतिसाद :
वा, हे आवडलं. माझा मुद्दा 'जमणार नाही'बद्दल. ऑफिसात एकजण दर शुक्रवारी स्वतःचा रिपोर्ट माझ्या गळ्यात मारायचा, मी म्हणायचो 'आज जमणार नाही रे', की तो लगेच 'मग सोमवारी कर'. चूक माझीच, 'जमणार नाही'त दोष परिस्थितीवर जातो, परिस्थिती बदलली की हो म्हणायची पाळी आपली. शेवटी म्हटलं, 'हा रिपोर्ट तुझा आहे, मी करणार नाही. कुठे अडलं तर विचार, सांगेन.' दोन मिनिटं तोंड पाडून बसला आणि मग खरंच विचारायला आला.

अजून एक. थॉमस गॉर्डन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 'तू असा आहेस'ऐवजी 'मला असं होतं' अशी वाक्यं शिकवायचे. मराठीत ती आयतीच आहेत, मला राग आला, मला त्रास होतो. फक्त 'मला वाटतं तू बेजबाबदार आहेस' ह्यात 'मला' असलं तरी ती शिवीच!

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती) :
भाषांतरात सध्या 'निर्भीड पण मुर्वत राखून' टाकलंय. संपादक 'मुर्वत' कापणार बहुतेक, कापलं तर 'जमणार नाही' म्हणायचं नाही एवढं ठरवलंय.