बायकोला न सांगता पोराची डीएनए टेस्ट करावी का?

राजारामपुरीकर:
ओळखीतल्या एकानं परवा विचारलं, ऑनलाइन किट मिळतंय, पोराच्या गालातनं कापसाची काडी फिरवायची, पाकिटात घालून कुरियर करायचं, बायकोला कळायचं पण नाही, तर करू का? संशयाचं कारण काय तर पोरगं त्याच्यावर गेलेलं नाही आणि ब्लड ग्रुप जुळत नाही. माझं मत स्पष्ट आहे, असं चोरून करू नये. ते लेकरू बाबा म्हणतोय म्हणून विश्वासानं तोंड उघडणार, त्याला काय माहीत आपण कशासाठी आ करतोय. रिपोर्ट "तुझंच आहे" असा आला तरी बायकोला आज ना उद्या कळणार, आणि ते ती आयुष्यभर विसरणार नाही. उलटा आला तर तो कागद घेऊन जाणार कुठं? संशय आहे तर तिच्यासमोर बस, बोल, नाही जमत तर वकिलाकडं जा. पण पोराला यात ओढू नको.

रंकाळा_८६:
अजिबात पटलं न्हाई भावा. आईला पोर आपलं हाय हे जन्मतःच माहिती असतंय, बापानं मात्र निस्तं विश्वासावर ऱ्हायचं व्हय? बायकोसमोर बसून बोल म्हणतोस, पण अशी गोष्ट तोंडातनं काढली की संसार तिथंच संपला, मग टेस्ट करा न्हाईतर नका करू. त्यापेक्षा गपचूप करून शंका फिटली तर घर टिकतंय की! आणि पोरगं अज्ञान असलं की सगळीकडं पालकच सही करतोय, शाळेपासनं ऑपरेशनपर्यंत, मग इथंच कसा हक्क न्हाई? आयुष्यभर मनात किडा घेऊन जगणारा बाप पोरालातरी काय माया लावणार?

लॅबमधला_माणूस:
वादात नंतर पडतो, आधी ब्लड ग्रुपचं बोलूया कारण निम्मी भांडणं त्यावरनंच सुरू होतात. आईबाप दोघं पॉझिटिव्ह आणि मूल निगेटिव्ह, हे अगदी नॉर्मल आहे. दोघं ओ असून मूल ए किंवा बी आलं तर लोक थेट निकालच लावतात, पण आधी तिघांचे ग्रुप परत तपासा, कार्डावर चुकीचा ग्रुप लिहिलेला असणं काही नवीन नाही. आणि बॉम्बे ब्लड ग्रुप नावाची गोष्ट आहे, १९५२ मध्ये आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेली. असा माणूस साध्या तपासणीत ओ दिसतो पण पोराला ए किंवा बी देऊ शकतो. दुर्मिळ आहे, पण आहे.

आता टेस्ट. डीएनएवरच्या ठरावीक जागा बघतात, बहुतेक लॅब १५ ते २४, प्रत्येक जागी मुलाकडं एक नग आईकडनं आणि एक बापाकडनं आलेला असतो. एखाद्या जागी जुळलं नाही तर ते म्युटेशन, म्हणजे डीएनएमध्ये आपोआप झालेला बदलपण असू शकतो, तीन-चार किंवा जास्त जागी नाही जुळलं की सहसा बाप नाही म्हणतात. जुळलं तर ९९.९९ टक्के किंवा जास्त असं येतं, १०० कधीच लिहीत नाहीत. आईचा नमुना नसला तरी चालतं पण असला तर निकाल जास्त पक्का होतो. संशय सख्ख्या भावावर असेल तर लॅबला आधी सांगायलाच पाहिजे, नाहीतर कमी जागा तपासल्या तर घोटाळा होऊ शकतो. जुळ्या भावांमध्ये, एकसारखे जुळे असतील तर, ही साधी टेस्ट फरक करूच शकत नाही.

घरची आणि कोर्टाची टेस्ट, शास्त्र एकच. फरक इतकाच की घरी काडी कुणाच्या तोंडात फिरवली हे लॅबला कळायचा मार्गच नाही. कोर्टाच्या टेस्टला ओळखपत्र, फोटो, अंगठा, साक्षीदार, सील, सगळं लागतं.

रंकाळा_८६:
म्हणजे टेस्ट खोटी न्हाई हे तुम्हीच म्हणताय. मग बापाला स्वतःच्या समाधानासाठी पुरतंय की, कोर्टात कोण चाललंय.

कोर्टकचेरी:
मी कसबा बावड्याला प्रॅक्टिस करते, अशी माणसं माझ्याकडं येतात, हातात प्रायव्हेट लॅबचा कागद असतो आणि त्यांना वाटतं आता केस जिंकली. तसं नसतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६, म्हणजे जुन्या १८७२ च्या एव्हिडन्स ॲक्टचं ११२. लग्न चालू असताना, किंवा ते संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईनं दुसरं लग्न केलेलं नसताना मूल झालं, तर ते नवऱ्याचंच, हा निर्णायक पुरावा. मोडायचा तर त्या काळात दोघांचा संबंध येण्याची शक्यताच नव्हती हे नवऱ्यानं सिद्ध करायचं. १९९३ मध्येच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की उठसूट रक्ततपासणीचा आदेश द्यायचा नाही.

पुण्याच्या एका जोडप्याची केस तर अगदी याच विषयावरची. नवऱ्यानं खाजगी टेस्ट करून आणली, त्यात तो बाप नाही असं आलं, खालच्या कोर्टानं आणि हायकोर्टानं मुलाच्या टेस्टला परवानगी दिली, पण २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. बायकोचं बाहेर काही आहे हे सिद्ध करायचं असेल तर दुसरे पुरावे आणा, नवराबायकोच्या भांडणात मुलाला प्यादं करू नका, असा त्याचा सूर. मला हा निकाल मनापासून पटतो.

रंकाळा_८६:
मॅडम, नागपूरची २०१४ ची केस पण सांगा की मग! दोनदा टेस्ट झाली, दुसरी हैदराबादच्या सेंट्रल लॅबमध्ये, दोन्हीत नवरा बाप न्हाई आला, आणि सुप्रीम कोर्टानंच म्हटलं की कायद्याचं गृहीतक आणि सिद्ध झालेलं शास्त्र भिडलं तर शास्त्राचं खरं मानायचं. पोराची पोटगी थांबली त्याची. म्हणजे सत्याला किंमत हाय की न्हाई?

कोर्टकचेरी:
आहे ना. पण त्या दोन्ही टेस्ट कोर्टाच्या आदेशानं झाल्या होत्या, आणि आधी दिलेले पैसे परत मागायचे नाहीत हेही कोर्टानं त्याच निकालात सांगितलं. घरात लपून केलेली टेस्ट आणि ही, यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

गडहिंग्लजची_लेक:
सगळे नवऱ्याचा हक्क, पोराचा हक्क बोलताय, बाईचं कुणी बोलेना. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. टेस्ट बाईच्या कामाची पण आहे. नवरा गावभर नाव घालवत फिरतोय, सासू म्हणतेय नाक आमच्या घरातलं नाही, तिथं मी तर म्हणेन कर टेस्ट, माझ्यासमोर कर, रिपोर्ट सगळ्यांसमोर वाच. २०१४ च्याच दुसऱ्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय ना, की टेस्ट हा बायकोला खरं सिद्ध करायचा पण मार्ग आहे. आणि लग्नाचं आमिष दाखवून पोर पदरात टाकून पळालेल्यांचं काय? मुख्यमंत्री राहिलेल्या एन. डी. तिवारींसारख्या मोठ्या माणसालापण २०१२ मध्ये कोर्टामुळं रक्त द्यावं लागलं, आणि ते बाप निघाले.

राजारामपुरीकर:
ताई, तुमचं समोर करणं मला मान्य, माझा विरोध चोरून करण्याला आहे. पण सासू म्हणतेय म्हणून बाईनं टेस्ट द्यायची हे मात्र मला टोचतंय, एकदा ती प्रथा पडली की प्रत्येक सुनेला द्यावी लागणार.

गडहिंग्लजची_लेक:
टोचणारच, पण नाव घालवलं जातंय ते तिचं. कधी द्यायची ते तिलाच ठरवू द्या. वकीलताई, लग्न न झालेल्या बाईनं पोरासाठी काय करायचं? आणि पोटात असतानाच टेस्ट होते का?

कोर्टकचेरी:
पोटात असताना नको. गर्भाच्या तपासण्या कशासाठी करता येतात ते १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यात ठरवून दिलंय, बाप कोण हे त्यात नाही. जन्मानंतर पोटगीचा अर्ज करता येतो, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, जुन्या सीआरपीसीचं १२५. तिथं मूल औरस की अनौरस हा प्रश्नच येत नाही, पोटगी मिळते. समोरचा बाप असल्याचं नाकारत असेल तर त्याच प्रकरणात टेस्टची मागणी करायची, कोर्टानं सांगूनही त्यानं नमुना दिला नाही तर ते त्याच्या विरोधात धरलं जाऊ शकतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.