पडद्यावर ठीक, प्रेसवर बिघाड: सावलीभोवती चौकट, पांढरी अक्षरं गायब

पानकटर
१२ पानांच्या कॅटलॉगची पीडीएफ आहे. ट्रिम (कापल्यावरचं माप) ए४, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग), म्हणजे पान २१६ × ३०३ मिमी. अ‍ॅक्रोबॅटमध्ये सगळं व्यवस्थित दिसतं, डिजिटल प्रेसवर मात्र तीन गोष्टी बिघडतात.

पान ३ वर लाल स्पॉट कलरची (नावाने ठरलेल्या स्वतंत्र रंगाची) पट्टी आहे आणि तिच्यावर वस्तूच्या फोटोची सावली पडते. त्या सावलीभोवती वेगळ्या लाल छटेची चौकोनी चौकट उमटते. पान २ आणि ७ वर काळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरं येतच नाहीत. मजकुराचा काळा रंग भिंगाखाली पाहिला तर अक्षरांच्या कडेला निळसर-गुलाबी झाक आहे.

अ‍ॅक्रोबॅटमधून ड्रायव्हरने थेट प्रिंट देतो. फाईल परत पाठवायची की कंट्रोलरवरच (प्रेसला जॉब देणाऱ्या संगणकावर) सुटेल?

रास्टरबिंदू
चौकटीचा दोष फाईलचा नाही, वाटेचा आहे. ड्रायव्हरने प्रिंट दिलं की अ‍ॅक्रोबॅट आधी पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पान सांगण्याची जुनी भाषा) बनवतो. पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता कळत नाही, म्हणून सावली तिथेच फ्लॅटन होते, म्हणजे खालच्या रंगात मिसळून तिचे सपाट तुकडे होतात. सावलीखालचा लाल तुकडा सीएमवायकेत (छपाईच्या निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या या चार रंगांत) जातो आणि उरलेली पट्टी स्पॉट म्हणूनच राहते. पुढे कंट्रोलर स्पॉटचा रंग स्वतःच्या तक्त्यातून काढतो आणि तुकड्याचा रंग प्रोफाईलमधून (रंग-रूपांतराच्या फाईलमधून). एकाच लाल रंगाच्या दोन कृती, मग चौकट दिसणारच.

ड्रायव्हर सोडा. पीडीएफ थेट कंट्रोलरच्या रांगेत इम्पोर्ट करा किंवा हॉट फोल्डरमध्ये (जिथून फाईल आपोआप रांगेत जाते) टाका, आणि जॉबच्या सेटिंगमध्ये पीडीएफ थेट रिप करणारं (छपाईच्या ठिपक्यांत बदलणारं) इंजिन निवडा (अ‍ॅडोबीचं पीडीएफ प्रिंट इंजिन किंवा तसंच दुसरं). मग पारदर्शकता रिपच्या वेळी, सगळे रंग हाताशी असताना सोडवली जाते.

जुनीप्लेट
एवढी खटपट कशाला? डिझायनरकडून पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीच्या पीडीएफचा एक प्रकार) मागवा. त्यात पारदर्शकता चालतच नाही, प्रश्न मिटला.

रास्टरबिंदू
मिटत नाही, जागा बदलतो. एक्स-१ए एक्सपोर्ट करतानाही फ्लॅटनिंग होतंच, फक्त डिझायनरच्या मशीनवर. तुकड्यांच्या सांध्यांवर केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसू शकतात, आणि स्पॉट तिथेच सीएमवायकेत गेला असेल तर कंट्रोलरवर तो परत मिळवता येत नाही. मागायचीच तर एक्स-४ (त्याच मालिकेतला नंतरचा प्रकार) मागा. त्यात पारदर्शकता जिवंत राहते.

काळीशाई
पांढऱ्या अक्षरांबद्दल. त्यांना ओव्हरप्रिंट लागलेलं आहे, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापायची सूचना. बहुतेक वेळा मजकूर आधी काळा आणि ओव्हरप्रिंट असतो, नंतर रंग पांढरा केला जातो आणि टिक तशीच राहते. ओव्हरप्रिंट असलेला पांढरा म्हणजे ‘काहीच छापू नका’, म्हणून खालची काळी पट्टी तशीच राहते. अ‍ॅक्रोबॅटमध्ये ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू मुळात फक्त पीडीएफ/एक्स फाईलपुरता चालू असतो, साध्या पीडीएफमध्ये चूक लपते. प्रेफरन्समध्ये तो ‘ऑलवेज’ करून ठेवा. उघडल्याबरोबर अक्षरं गायब दिसतील.

काळ्या मजकुरासाठी आउटपुट प्रिव्ह्यूमधल्या ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरने अक्षरावर क्लिक करा. आरजीबी ०-०-० (पडद्याच्या रंगांतला काळा) निघालं तर कंट्रोलरवर मजकुराचा काळा शुद्ध ठेवण्याची सेटिंग असते, तेवढ्याने भागतं. सीएमवायकेचे ७५-६८-६७-९० सारखे आकडे आले तर ती सेटिंग त्या अक्षरांना हात लावत नाही, कारण तिच्या लेखी तो काळा नव्हे, चार रंगांचं मिश्रण आहे. एकूण शाई ३००%, अक्षर बारीक आणि रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांवर नेमके बसणं) केसभर हललं की झाक दिसते. तिथे प्रिफ्लाइटच्या (छपाईपूर्व फाईल-तपासणीच्या) फिक्सअपने मजकूर १००% के (फक्त काळी शाई) करावा लागतो.

पानकटर
थेट इम्पोर्ट केल्यावर चौकट गेली. काळा ७५-६८-६७-९० च निघाला, फिक्सअपने साफ झाला. पांढऱ्या अक्षरांसाठी कंट्रोलरवरचं ओव्हरप्रिंटच बंद केलं, अक्षरं आली. चालेल ना? आणि एक नवीनच: संपूर्ण लाल पट्टी आता प्रूफपेक्षा विटकरी येते.

काळीशाई
चालणार नाही. ओव्हरप्रिंट सरसकट बंद केलं की लाल पट्टीवरची बारीक काळी अक्षरंही नॉकआउट होतात, म्हणजे त्यांच्याखालचा लाल कापला जातो. रजिस्ट्रेशन जरा सरकलं की अक्षरांच्या कडेला पांढरी किनार दिसेल. कंट्रोलरवर ओव्हरप्रिंट चालूच ठेवा आणि फक्त पांढऱ्या वस्तूंचं ओव्हरप्रिंट फाईलमध्ये काढा. इलस्ट्रेटरच्या डॉक्युमेंट सेटअपमध्ये त्यासाठी पर्याय आहे. एवढ्यापुरती फाईल डिझायनरकडे परत पाठवणं योग्य.

रास्टरबिंदू
विटकरीसाठी स्पॉटचं नाव बघा. कंट्रोलर नाव जुळवतो, रंग नाही. जुन्या फाईलमध्ये पँटोन रंगाच्या नावाच्या शेवटी ‘सीव्हीसी’ असतं, तक्त्यात नुसतं ‘सी’. एक अक्षर किंवा एक स्पेस चुकली तरी नाव सापडत नाही, मग फाईलमध्ये लिहिलेला पर्यायी सीएमवायके वापरला जातो. फाईलमधल्या नावाने तक्त्यात नवी नोंद करा आणि मूळ रंगाची लॅब मूल्यं (रंगाचे मोजलेले आकडे) तिला द्या. त्याआधी प्रेसचं कॅलिब्रेशन (रंगांची मोजून केलेली जुळणी) ताजं आहे ना ते पाहा, नाहीतर तक्त्यातली दुरुस्ती चुकीच्या पायावर होईल.

नोंद बदलल्यावर जुनं रास्टर (रिप झालेली ठिपक्यांची प्रतिमा) टाकून जॉब पुन्हा प्रोसेस करायला विसरू नका. साठवलेल्या रास्टरमध्ये जुनाच लाल असतो, आणि मग बदलाचा उपयोग झाला नाही असं वाटतं. ‘प्रोसेस करून होल्ड’ ठेवा आणि रास्टर प्रिव्ह्यूत पान २, ३, ७ पाहून मगच एक शीट काढा.

जुनीप्लेट
एक्स-१ए मागे घेतो. पण मापाचं राहिलं. २१६ × ३०३ पान ए४ ट्रेवर ‘फिट’ करून टाकलं तर ते ९७.२% होतं आणि २१० मिमीचं ट्रिम सुमारे २०४ उरतं. ‘फिट’ बंद ठेवलं तर जॉब कागद सापडत नाही म्हणून अडकून बसतो. इम्पोझिशनमध्ये (शीटवर पानं मांडण्याच्या सेटिंगमध्ये) एसआरए३ कागद (३२० × ४५० मिमी) निवडा, पान ट्रिमबॉक्सवरून (फाईलमध्ये नोंदलेल्या ट्रिमच्या चौकटीवरून) घ्या, स्केल १००%. ब्लीडसकट दोन पानं शेजारी ४३२ मिमी होतात, म्हणजे दोन्ही टोकांना ९-९ मिमी उरतात आणि क्रॉप मार्क (कापण्याच्या खुणा) मावतात. पिन मारायची असेल तर मधल्या घडीच्या बाजूचं ब्लीड काढा, नाहीतर शेजारच्या पानाची पट्टी घडीवर डोकावते.