समुद्री चाच्यांचे जुने खेळ नव्या लॅपटॉपवर कसे चालवावेत?

कापूसकोंडा (यवतमाळ जिल्हा) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

आमचे गाव समुद्रापासून इतके दूर आहे की घरातील निम्म्या माणसांनी तो अजून पाहिलेला नाही. तरीही २००५ च्या सुमारास मामांनी नागपूरहून जो वापरलेला संगणक आणला, त्याच्यासोबत आलेले तिन्ही खेळ नेमके समुद्री चाच्यांचेच होते. पहिला म्हणजे १९९३ चा, डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालणारा ‘पायरेट्स! गोल्ड’. तो मामांनी विकत घेतलेल्या फ्लॉप्यांवरून सीडीवर उतरवून ठेवला होता आणि त्या फ्लॉप्या अजूनही पत्र्याच्या पेटीत आहेत. दुसरा दोन सीडींचा ‘द कर्स ऑफ मंकी आयलंड’, आणि तिसरा २००४ साली आलेला, त्रिमितीय चित्रांचा ‘सिड मायर्स पायरेट्स!’. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये आम्ही भावंडांनी कॅरिबियन बेटांची नावे आपल्या तालुक्यातील गावांपेक्षा आधी पाठ केली होती, असे आई अजून म्हणते.

तो संगणक गेल्या उन्हाळ्यात कायमचा बंद पडला. आता घरात विंडोज ११ असलेला लॅपटॉप आहे आणि दिवाळीत येणाऱ्या भाच्यांना हे खेळ दाखवावेत अशी फार इच्छा आहे. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसल्यामुळे लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राकडून यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह आणला. पहिल्या खेळावर डबल क्लिक केले असता, हे ॲप आपल्या संगणकावर चालू शकत नाही, असा संदेश येतो. दुसऱ्याचे इन्स्टॉलेशन अर्ध्यावर थांबते. तिसरा व्यवस्थित बसतो, परंतु सुरू करताच काहीही न सांगता बंद होतो. कम्पॅटिबिलिटीच्या यादीतील विंडोज ९५ पासून विंडोज ८ पर्यंतचे सर्व पर्याय मी एकेक करून निवडून पाहिले आहेत. फरक पडलेला नाही.

यावर काही उपाय आहे काय, की त्यासाठी जुना संगणकच दुरुस्त करून घ्यावा लागेल? इंटरनेट केवळ मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मिळते आणि सिंचनाची वीज एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री असते, हेही लक्षात घेऊन कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी_खिडकी (वर्धा) यांचे उत्तर

कापूसकोंडा भाऊ, आपली अडचण एक नसून तीन आहेत, आणि त्या तिन्हींवर कम्पॅटिबिलिटी हे एकच औषध दिल्यामुळे गुण आलेला नाही. त्या यादीतील पर्याय विंडोजसाठीच तयार झालेल्या, पण थोड्या जुन्या वळणाच्या प्रोग्रामची समजूत घालण्यापुरते असतात. आपल्या पहिल्या खेळाला विंडोज ठाऊकच नाही.

डॉसच्या काळातील प्रोग्राम १६ बिटचे असत आणि ६४ बिट विंडोजमध्ये ते चालवण्याची सोयच ठेवलेली नाही. विंडोज ११ तर केवळ ६४ बिट स्वरूपातच मिळते, त्यामुळे तेथे या खेळाला थेट दार नाही. त्यासाठी डॉसबॉक्स हा विनामूल्य प्रोग्राम वापरावा. तो आपल्या लॅपटॉपच्या आत जुना संगणक उभा करतो, म्हणजे जुना प्रोसेसर, जुने साउंड कार्ड आणि जुना पडदा, आणि खेळाला आपण १९९३ सालातच आहोत असे वाटत राहते. २००२ पासून चालत आलेल्या या प्रोग्रामचे ‘डॉसबॉक्स स्टेजिंग’ हे नवे रूपही आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यास मी तेच सुचवीन. दोन्ही आकाराने इतके लहान आहेत की हॉटस्पॉटवर सहज उतरतात.

कृती अशी. सी ड्राइव्हवर एक फोल्डर करून त्याचे नाव इंग्रजीत आठ अक्षरांच्या आत व मध्ये जागा न सोडता ठेवावे, कारण डॉसला त्याहून मोठे नाव समजत नाही. खेळाच्या सर्व फाइली त्यात उतरवाव्यात, डॉसबॉक्समध्ये ‘माउंट’ या आज्ञेने तो फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडावा आणि मग खेळ सुरू करावा. आवाजाची निवड विचारली गेल्यास साउंड ब्लास्टर, पोर्ट २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १ हे आकडे द्यावेत. डॉसबॉक्सचे मूळ साउंड कार्ड याच आकड्यांवर बेतलेले असते. बहुतेकांचा खेळ मुका राहतो तो येथेच.

वेगाचे मात्र हाताने जमवावे लागते. त्या काळातील कित्येक खेळ घड्याळाकडे न पाहता प्रोसेसर जितका पळेल तितके पळत, त्यामुळे आजच्या यंत्रावर गलबत बंदरातून निघाले की डोळे मिटण्याच्या आत खडकावर आपटते. कंट्रोल आणि एफ११ एकत्र दाबल्यास वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढतो. तलवारबाजी आपल्या बोटांना झेपेल इतक्या वेगावर आणून तो आकडा एका कागदावर लिहून ठेवावा. मी लिहून ठेवला नव्हता, म्हणून दर वेळी नव्याने शोधत बसतो.

दुसऱ्या खेळाचे इन्स्टॉलेशन विसरून जावे. त्याची गरजच नाही. १९९७ चा हा खेळ स्कम नावाच्या इंजिनवर चाललेला अखेरचा खेळ आहे आणि त्याच्यासाठी स्कमव्हीएम हा वेगळा, विनामूल्य प्रोग्राम २००१ पासून उपलब्ध आहे. तो जुना प्रोग्राम चालवतच नाही, तर खेळाची चित्रे, संवाद आणि संगीत ज्या फाइलींत आहे त्या वाचून स्वतःच खेळ सादर करतो. आपल्याकडील झाडीपट्टीच्या रंगभूमीवर जुन्या नाटकाची संहिता तीच ठेवून नवी मंडळी प्रयोग करतात, तसाच हा प्रकार आहे. पहिल्या सीडीवरील, नावाच्या शेवटी शून्य आणि एक असलेल्या दोन फाइली, दुसऱ्या सीडीवरील, शेवटी दोन असलेली फाइल, आणि दोन्ही सीडींवरील ‘रिसोर्स’ फोल्डरमधील सर्व काही एकाच ‘रिसोर्स’ फोल्डरमध्ये एकत्र करून ठेवावे. मग स्कमव्हीएममध्ये खेळ जोडण्याचे बटन दाबून मुख्य फोल्डर दाखवला की तो स्वतःच खेळ ओळखतो. यानंतर मध्येच सीडी बदलण्याचा त्रासही उरत नाही.

पडदा पूर्ण भरावा म्हणून चित्र आडवे ताणू नये, ही एक विनंती. हा खेळ ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, म्हणजे चारास तीन या प्रमाणातील आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात. ताणलेल्या चित्रात सगळे चाचे भाकरीसारखे थापल्यागत दिसतात.

तिसऱ्या खेळाविषयी मला स्वतःचा अनुभव नाही.

वैनगंगाकाठ (भंडारा) यांचे उत्तर

तिसऱ्या खेळाविषयी मी लिहितो. २००० च्या आसपासच्या अनेक सीडींवर नक्कल रोखण्यासाठी सेफडिस्क नावाचे कुलूप असे. हे कुलूप विंडोजच्या गाभ्यात स्वतःचा एक ड्रायव्हर बसवून सीडी खरी आहे की नाही ते तपासत असे. त्या ड्रायव्हरमुळे सुरक्षेला धोका निर्माण होत असल्यामुळे विंडोज १० पासून तो स्वीकारलाच जात नाही. आपल्या सीडीवर हेच कुलूप असेल, तर सीडी शंभर टक्के अस्सल असूनही खेळ सुरू होणार नाही. इंटरनेटवर कुलूप काढलेल्या फाइली जागोजागी मिळतात. मी त्या वापरू नका असेच म्हणेन, कारण अशा फाइलीसोबत काय येते ते आमच्या गावातील एका दुकानदाराने स्वतःच्या हिशोबाच्या संगणकावर अनुभवले आहे.

सरळ मार्ग म्हणजे हा खेळ पुन्हा विकत घ्यावा. जीओजी आणि स्टीम या खेळ विकणाऱ्या दोन्ही संकेतस्थळांवर तो मिळतो. जीओजीवर घेतल्यास इन्स्टॉलर एकदा तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या नेटवर उतरवून पेन ड्राइव्हवर आणता येतो आणि पुढे इंटरनेटची गरज राहत नाही. आपल्यासारख्यांना हेच सोयीचे. तेथेच ‘पायरेट्स! गोल्ड प्लस’ या नावाने १९८७ चा मूळ खेळ आणि १९९३ चा खेळ असे दोन्ही मिळून, डॉसबॉक्ससह तयार अवस्थेत येतात व पुस्तिकाही मिळते. पुस्तिका लहान गोष्ट समजू नये. १९८७ चा खेळ सुरुवातीलाच खजिन्याचा ताफा कोणत्या महिन्यात कोणत्या बंदरात असतो असे विचारतो आणि त्याचे उत्तर केवळ पुस्तिकेतच असते.

जुन्या सीडींविषयीही सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंतची उष्णता, त्यात कूलरची ओल आणि शेतातील धूळ, यांत सीडी फार काळ टिकत नाहीत. त्या वाचल्या जात आहेत तोवर त्यांची आयएसओ प्रतिमा, म्हणजे संपूर्ण सीडीची एकाच फाइलीतील प्रत, करून ठेवावी. विंडोज ८ आणि त्यापुढील आवृत्त्यांत ती डबल क्लिक करताच सीडीसारखी उघडते. कायदेशीररीत्या घेतलेल्या संगणकीय प्रोग्रामची, तो नष्ट होण्याच्या भीतीने, स्वतःपुरती प्रत करण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ परवानगी देते. ही सवलत रस्त्यावर घेतलेल्या नकली सीडीला लागू नाही. चाच्यांचा खेळ चाचेगिरी करूनच खेळावा, हा विनोद मी पुष्कळ ऐकला आहे.

कापूसकोंडा यांचा प्रतिप्रश्न

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘कर्स’ काल रात्री ओलिताची पाळी असताना विहिरीजवळच्या खोलीत बसून सुरू केला आणि पहिल्याच प्रयत्नात चालला. ‘गोल्ड’ही आवाजासह चालू झाला, मात्र तलवारबाजीत माझा नायक नुसता उभा राहून मार खातो. पूर्वी आम्ही उजव्या बाजूच्या आकड्यांच्या बटनांनी खेळत असू, आणि या लॅपटॉपला ती बटने नाहीत. तिसरा खेळ विकत घेतला तरी तेथेही हीच अडचण येईल काय?

सोनपापडी (गोंदिया) यांचे उत्तर

येईल, आणि अधिक येईल. २००४ च्या खेळात जहाज वळवणे, द्वंद्वयुद्ध, इतकेच काय तर गव्हर्नरच्या मुलीसोबत नाचणेसुद्धा आकड्यांच्या बटनांवर बेतलेले आहे. नाचताना ती ज्या दिशेला खूण करते त्या दिशेचे बटन ठेक्यावर दाबावे लागते. विंडोजचा पडद्यावरील की-बोर्ड उघडून माउसने नाचण्याचा प्रयत्न मी केला होता. गव्हर्नरसाहेबांनी मला पुन्हा बोलावले नाही.

‘गोल्ड’साठी खर्चाची गरज नाही. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ१ दाबल्यास की-बोर्डचे चित्र उघडते, त्यात आकड्यांच्या प्रत्येक बटनाचे काम अक्षरांच्या बटनाकडे सोपवता येते आणि ते जतनही होते. २००४ च्या खेळासाठी मात्र यूएसबीचा साधा, पूर्ण लांबीचा की-बोर्ड जोडणे हाच सर्वांत कमी कटकटीचा उपाय आहे.

जुना संगणक दुरुस्त करण्याविषयी आपण विचारले होते, त्याचे उत्तर राहिले आहे. सुरू करताच तारीख चुकीची दिसत असेल, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बदलून पाहावा. अनेकदा रोग तेवढाच असतो. डीपी जळाल्यानंतर आलेल्या उच्च दाबाने पॉवर सप्लाय गेला असेल तर तोही बदलता येतो. यंत्र जगले आणि त्यावर विंडोज एक्सपी असेल, तर आपल्या तिसऱ्या सीडीचे कुलूप तेथे पूर्वीसारखेच उघडेल. मात्र एक्सपीला एप्रिल २०१४ पासून सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही, म्हणून त्याला इंटरनेट जोडू नये आणि त्यावरून बँकेचे काम तर मुळीच करू नये.

भाच्यांना खेळ दाखवताना एक गंमत अवश्य दाखवावी. या खेळात एखाद्या देशाच्या गव्हर्नरने परवानापत्र दिले की तोच माणूस चाचा न राहता त्या देशाचा सन्मान्य सेवक ठरतो, आणि शत्रूदेशाच्या बंदरात मात्र चाचाच राहतो. इंग्रजांनी आपल्या कागदपत्रांत कान्होजी आंग्रे यांना चाचा म्हटले आणि आपण त्यांना सरखेल म्हणतो, ते का, हे माझ्या मुलीला या खेळामुळे पाठ्यपुस्तकाच्या आधी कळले.

कापूसकोंडा

बटने बदलून घेतली. आता नायक निदान वार अडवतो, जिंकत मात्र नाही. तो दोष डॉसबॉक्सचा नसावा. वेगाचा आकडा पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर आतून खडूने लिहून ठेवला आहे. गावातील ई-सेवा केंद्र चालवणाऱ्या मित्राने दिवाळीचे चार दिवस केंद्र बंद असताना मोठा की-बोर्ड देण्याचे कबूल केले आहे. जुन्या संगणकाचा सेल बदलून पाहिला, तारीख टिकते, पण पडद्यावर चित्र येत नाही, म्हणून तो पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला नेतो. तो तेथेही सुरू झाला नाही, तर २००४ चा खेळ कापसाचे चुकारे मिळाल्यावर विकत घेऊ.