मिशिगन स्टेडियम बाहेरून एवढं बुटकं कसं?

बावळट_प्रश्न: अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या या फुटबॉल स्टेडियममध्ये टीव्हीवर लाखभर लोक दिसतात पण बाहेरचे फोटो बघितले तर एवढी माणसं मावतात कुठे तेच कळत नाही, कोणी सांगेल का?

मातीकाम: अहो बरंचसं जमिनीखाली आहे ना! १९२७ साली खड्डा खणून बांधलंय, गेटातून आत शिरलं की थेट वरच्या रांगांपाशी आणि मैदान पार खाली. विद्यापीठाचा तेव्हाचा क्रीडा संचालक फील्डिंग योस्टने तेव्हाच पाया असा घालून घेतला की पुढे लाखावर सीट वाढवता येतील, दूरदृष्टी म्हणा नाहीतर हट्ट.

मागची_रांग: शिवाय बहुतेक ठिकाणी खुर्च्या नाहीत, नुसती नंबर टाकलेली लांब बाकडी, थंडीत सगळे जाड जाकिटं घालून आले की अक्षरशः कोंबल्यासारखं होतं. क्षमता १,०७,६०१ आहे, त्यातला शेवटचा एक म्हणजे इथला जुना कोच आणि क्रीडा संचालक फ्रिट्झ क्रिसलरच्या मानाची सीट म्हणतात, नक्की कुठली ते गुपित 😄