पंपाची मोटर नेमकी किती वीज घेते?

खजिनदार (बी-302): सर्व सभासदांना नमस्कार. सामाईक मीटरच्या बिलात पाण्याच्या पंपाचा वाटा किती, हे वार्षिक सभेपूर्वी ठरवायचे आहे. मोटर 5 अश्वशक्तीची असून रोज तीन तास चालते. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, या हिशेबाने 3.73 किलोवॅट आणि महिन्याला साधारण 336 युनिट होतात. हाच आकडा अहवालात घालावा का?

ए-104: मला हा आकडा फारच कमी वाटतो. काल वायरमनने क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारे उपकरण) लावला तेव्हा तिन्ही फेजवर 7.1, 7.3 आणि 7.2 अँपिअर दिसले. 410 व्होल्टला 7.2 ने आणि मग तीनने गुणल्यास जवळजवळ 8.9 किलोवॅट येतात.

सी-501: खजिनदारसाहेब, नेमप्लेटवरील अश्वशक्ती ही मोटर शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, देते ती शक्ती आहे, मीटरमधून घेतलेली वीज त्याहून जास्तच असणार, कारण तांब्याच्या वेटोळ्यांत, लोखंडी गाभ्यात आणि बेअरिंगमध्ये थोडी वाया जाते. ए-104 यांनी प्रवाह मोजून घेतला हे उत्तम झाले, पण पॅनेलवरचे 410 व्होल्ट दोन फेजमधले आहेत, म्हणून तीनने नव्हे, तर तीनच्या वर्गमुळाने, म्हणजे 1.732 ने, गुणायचे आणि त्यावर पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, लावायचा. नेमप्लेटवर पूर्ण भाराचा प्रवाह 7.5 अँपिअर व पॉवर फॅक्टर 0.82 आहे. आपला प्रवाह त्याच्या जवळ असल्यामुळे तोच पॉवर फॅक्टर धरता येतो. मोटर अर्ध्या भारावर चालत असती तर तो बराच खाली आला असता आणि हे गणित फसले असते. 1.732 × 410 × 7.2 × 0.82 म्हणजे सुमारे 4.2 किलोवॅट, रोजचे 12.6 आणि महिन्याचे 378 युनिट.

ए-104: काका, हे पडताळायचे कसे?

सी-501: लिफ्ट आणि जिन्यातले दिवे बंद ठेवून फक्त पंप चालू करा आणि मीटरवरचा लाल दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. आपल्या मीटरवर एका युनिटला 1600 लुकलुकी लिहिल्या आहेत, त्यामुळे मिनिटाला 112 च्या आसपास भरल्या तर 4.2 किलोवॅट बरोबर.

बी-204: मागच्या वर्षी टाकी दोन तासांत भरत असे. मग आता मोटरच बदलायला हवी का?

सी-501: नाही वहिनी, माझा संशय पंपावर आहे. रोजचे सुमारे 36,000 लिटर पाणी, पाइपातले घर्षण धरून, 30 मीटर चढवायला प्रत्यक्षात तीन युनिटही लागत नाहीत आणि आपण 12.6 खर्च करतो, म्हणजे विजेपैकी 23 टक्केच कामी येते. या आकाराच्या सुस्थितीतल्या पंपसंचाने 40 टक्के तरी द्यावेत. इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे फिरते चाक) झिजला असेल तर पाणी पंपातच फिरत राहते आणि अँपिअर मात्र तेवढेच दिसतात, म्हणून स्टार्टरकडे पाहून काहीच कळत नाही.

खजिनदार (बी-302): अहवालात 378 युनिट लिहितो. रविवारी सकाळी पंपवाला इम्पेलर उघडून पाहील. त्या वेळेत पाणी बंद राहील, तरी सर्वांनी आदल्या रात्री भरून ठेवावे.