मराठी शाळेला सुट्टी, वाचनाचं काय?

प्रेषक: एक आई, फ्रिमॉन्ट

नमस्कार मंडळी,
इथे कॅलिफोर्नियात मराठी शाळा जूनमध्ये बंद झाली की आमच्या घरात मराठी वाचन थेट ऑगस्टवर जातं. लेक सात वर्षांचा. इंग्रजी चॅप्टर बुकं फस्त करतो, मराठीत मात्र ‘कमल बघ’च्या पुढे जायला तयार नाही. जोडाक्षर दिसलं की पुस्तक मिटलं. रोज अर्धा तास बसवलं तर रोज रडारड. तुम्ही घरी काय करता?

प्रेषक: एक आजोबा, सध्या मुक्काम सनीवेल

सप्रेम नमस्कार.
आमच्याकडून बाराखडी घोटून घेतली, रोज एक पान शुद्धलेखन लिहून घेतलं. थोडी सक्ती झाली तर बिघडत नाही. पाया कच्चा ठेवून वाचन कसं येणार?
बाकी मुलगा-सून कामावर गेले की मला इथे दिवसभर वेळच वेळ. पार्कात चार मुलं जमवलीत तर गोष्टी वाचून दाखवायला आनंदाने येईन.

प्रेषक: मंडळाची पुस्तकपेटी सांभाळणारी

काका, बाराखडी हवीच, पण तीही सुट्टीतच कशाला?
ताई, या मुलांची खरी अडचण वेगळी आहे. जे मराठी त्यांना वाचता येतं ते वयाच्या मानाने अगदीच बाळबोध वाटतं, आणि ज्यात मन रमेल ते वाचता येत नाही. म्हणून ऐकायचं पुस्तक वेगळं ठेवा आणि वाचायचं वेगळं.

ऐकायचं तुम्ही वाचा. भुताचं, चोराचं, त्याला हवं ते. ऐन रंगात आलं की थांबा, उद्या तोच मागे लागेल. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, त्यात महिनाभर पुरेल एवढा ऐवज आहे.

वाचायचं पुस्तक मात्र सोपंच हवं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीची गोष्ट अडीचशे शब्दांच्या आतली असते. पीडीएफ उतरवून प्रिंट काढा आणि धाकट्या भावंडाला वाचून दाखवायला सांगा. ‘भावंडासाठी’ वाचताना सोप्या पुस्तकाची लाज वाटत नाही. जोडाक्षर अडलं तर पटकन सांगून टाका. ‘नीट बघ, परत बघ’ करत बसलं की गोष्ट तिथेच मरते. आणि कृपा करून रोमनमध्ये लिहून देऊ नका, मग डोळे देवनागरीकडे वळतच नाहीत.

भिंतीवरच्या कालनिर्णयात त्याला स्वतःचा वाढदिवस शोधू द्या, त्या दिवशीची तिथी, जवळपासचा सण. माझ्या मते हेही वाचनच.

आमच्या लायब्ररीच्या शाखेत तरी समर रीडिंगच्या (सुट्टीतल्या वाचनाच्या) तक्त्यात मराठीची मिनिटं धरतात, मोठ्यांनी वाचून दाखवलेलीसुद्धा. तुमच्याकडे विचारून बघा. आणि भारतातून कोणी येत असेल तर लोणच्याच्या बरण्यांशेजारी ज्योत्स्ना प्रकाशनाची चार चित्रपुस्तकं बसतातच!

प्रेषक: एक आई, फ्रिमॉन्ट

धाकटीला वाचून दाखवायला लगेच तयार झाला, चक्क! फक्त तिने मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, अशी त्याची अट आहे.
आजोबा, शनिवारी सकाळी दहाला आमच्याजवळच्या पार्कात जमेल का? तुम्हाला घ्यायला गाडी पाठवते.

प्रेषक: एक आजोबा, सध्या मुक्काम सनीवेल

जमेल. किशोरचे दोन अंक छापून घेतले आहेत, अक्षर जरा मोठं करून, माझ्यासाठी.
बाराखडीचा आग्रह मी सोडलेला नाही. सप्टेंबरात पुण्याला परतलो की व्हॉट्सॲपवर घेईन.

प्रेषक: मंडळाची पुस्तकपेटी सांभाळणारी

पेटी मी आणते. सतरंज्या आणि पाणी कोण आणतंय ते इथेच कळवा.